पीसीओएस (ओव्हरी आणि पाळीचा हार्मोन-बिघाड): भात, फळं, दूध, गहू सगळं बंद, तरी पाळी लांबतेच. आहारात काय चुकतंय?

निळीशाई:
वय २९, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो. पाळी ४५ ते ७० दिवसांनी येते. हनुवटीवर जाड केस आहेत, सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरी पॉलिसिस्टिक. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन नॉर्मल, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.८.

गेले चार महिने भात, बटाटा, फळं, दूध आणि गहू पूर्ण बंद. सकाळी बिनदुधाची कॉफी, दुपारी सॅलड आणि एक वाटी डाळ, रात्री नीट जेवण. पहिल्या दीड महिन्यात ४ किलो उतरले, आता काटा हलत नाही. संध्याकाळी सातनंतर भूक आवरत नाही, डोक्यावरचे केसही मुठीनं गळायला लागलेत.

मला 'गोड टाळा, तेलकट टाळा' नकोय, ते पाठ झालंय. आकडे हवेत. एका जेवणात पिष्टमय (कार्ब्स) किती, प्रथिनं किती? दूध आणि गहू खरंच बंद करावे लागतात का? आणि किती महिने वाट बघायची?

मापटं:
तुमचा दिवस आधी मोजून बघू, म्हणजे संध्याकाळच्या भुकेचं कोडं लगेच सुटेल. एका वाटी शिजलेल्या डाळीत साधारण ३० ग्रॅम कच्ची डाळ असते. तिच्यातून ७ ग्रॅम प्रथिनं आणि १०० कॅलरी मिळतात. सॅलडच्या ४०, त्यावर चमचाभर तेल असेल तर आणखी ४०. म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत पोटात जेमतेम २०० कॅलरी आणि १० ग्रॅमही प्रथिनं नाहीत. सातनंतर जे होतं त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. शरीर दिवसभराची उधारी वसूल करतंय.

तुमची उंची, वजन, वय आणि बैठं काम धरलं तर दिवसाची गरज २००० कॅलरीच्या आसपास निघते. त्यातून ५०० वजा करा. १५०० च्या खाली जायचं कारण नाही. प्रथिनं दिवसाला ७५ ग्रॅम, म्हणजे तीन जेवणांत प्रत्येकी सुमारे २५. पिष्टमय १५० ते १६० ग्रॅम: तीन जेवणांत ४० ते ४५ आणि मधल्या वेळच्या फळातून २० ते २५. तंतू (फायबर) २५ ते ३० ग्रॅम. वरून घातलेलं तेल दिवसाला चार छोटे चमचे. ५ मिलीचा चमचा म्हणजे ४० कॅलरी. बाटलीतून अंदाजानं ओतलं की चाराचे आठ कधी होतात कळत नाही.

४० ग्रॅम पिष्टमय म्हणजे काय, तर ५० ग्रॅम कच्चा तांदूळ (शिजल्यावर सुमारे १५० ग्रॅम), किंवा ६० ग्रॅम ओट्स, किंवा ५५ ग्रॅम पीठ, किंवा २०० ग्रॅम उकडलेला बटाटा. यातलं एक घ्यायचं, सगळी नाहीत. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पंधरा दिवस वापरा. नंतर नजर बसते. वाट्या प्रत्येक घरात वेगळ्या असतात, म्हणून मी वाटीत सांगत नाही.

प्रथिनांच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज डाळीचा आहे. डाळ चांगलीच, पण ती प्रथिनांबरोबर पिष्टही आणते. निव्वळ डाळीतून २५ ग्रॅम प्रथिनं हवी असतील तर १०० ग्रॅम कच्ची डाळ लागेल आणि तिच्यासोबत ६० ग्रॅम पिष्टमय येईल. त्यावर भात घेतलात की हिशेब कोसळला. म्हणून डाळ किंवा कडधान्य ३० ग्रॅम ठेवा आणि उरलेली प्रथिनं दुसरीकडून आणा. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात साडेसहा, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये ३० च्या आसपास, १०० ग्रॅम माशात २०, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५.

हे कशासाठी, तेही सांगतो. इन्शुलिन रेझिस्टन्स असला की तेवढीच साखर आवरायला शरीराला जास्त इन्शुलिन सोडावं लागतं. ते वाढलेलं इन्शुलिन एलएच या हार्मोनच्या जोडीनं ओव्हरीतल्या पेशींना जास्त अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन) बनवायला लावतं. दुसरीकडे ते यकृतात तयार होणारं एसएचबीजी कमी करतं. एसएचबीजी म्हणजे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस आणि अर्धवट वाढून थांबलेली बीजं, दोन्ही याच वाटेनं येतात. सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' खऱ्या गाठी नसून न पिकलेली बीजकोशं असतात, आकारानं साधारण २ ते ९ मिमी. तेव्हा 'गाठी विरघळवणारा' म्हणून जो काही काढा किंवा रस सुचवला जाईल त्याला सरळ नाही म्हणा.

आता वाट बघण्याबद्दल. वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं की बऱ्याच जणींत पाळी सुधारायला लागते. तुमच्या ७४ वर ते ३.७ ते ७.४ किलो होतं. आठवड्याला अर्धा किलो पुरे. पाळीसाठी तीन ते सहा महिने धरा. चेहऱ्यावरच्या केसांचं चक्र संथ असतं, त्यांच्यासाठी सहा महिने हा कमीत कमी काळ, आणि आधी जाड झालेले केस नुसत्या आहारानं सहसा पातळ होत नाहीत. त्यांच्यासाठी लेझर किंवा औषध वेगळं लागतं. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या महिन्यात आरशासमोर हिरमोड होत नाही.

रानजाई:
मापटं यांनी ताट मांडलं, मी केस आणि तपासण्यांवर लिहिते, कारण दोन्हींत आहार लपलेला आहे.

झपाट्यानं वजन उतरलं किंवा प्रथिनं कमी पडली की दोन ते तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. तुमचं वेळापत्रक तंतोतंत जुळतंय. फरक असा ओळखा: अँड्रोजनमुळे जातात तेव्हा भांग रुंद होतो आणि टाळूवर विरळपणा येतो. उपासमारीचं गळणं सगळ्या डोक्यावरून, मुळासकट आणि एकदम असतं. दुसऱ्या प्रकारात खाणं सुधारलं की काही महिन्यांत केस परत येतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मात्र तपासून घ्या. पाळी लांबून मग जोरात जात असेल तर लोह कमी असण्याची शक्यता बरीच.

तेच लोह एचबीए१सी लाही फसवतं. लोहाची कमतरता असली की हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. ५.८ म्हणजे प्रीडायबेटिसच्या पट्ट्यात (५.७ ते ६.४), पण त्यावर थांबू नका. पीसीओएसमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोजची ओजीटीटी (ग्लुकोज पिऊन करायची साखरेची टेस्ट) जास्त भरवशाची. रात्रभर किमान ८ तास उपाशी, मग ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त. दोन तासांचा आकडा १४० च्या आत असला तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे बिघाड सुरू झालाय, २०० किंवा वर असेल तर मधुमेहाच्या दिशेनं पुढची तपासणी.

आणि इथंच बहुतेकींची चूक होते. भात बंद, बटाटा बंद अशा अवस्थेतून थेट ही टेस्ट द्यायला गेलात तर निकाल खोटा वाईट येऊ शकतो. पिष्टाची सवय सुटलेल्या शरीराला एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज झेपत नाही. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम पिष्टमय खाऊन मगच टेस्ट द्या.

केसांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे का? टीएसएच आणि टेस्टोस्टेरॉनसकट बऱ्याच हार्मोन चाचण्यांत ती आकडे बिघडवते. किमान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर त्याहून आधी, आणि लॅबला सांगा. उपाशीपोटी इन्शुलिन आणि 'होमा'च्या (इन्शुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणाऱ्या) टेस्टवर पैसे घालवायची गरज नाही. त्या आकड्यानं उपचार बदलत नाहीत.

स्वच्छंद:
एवढं मोजण्यापेक्षा सरळ कीटो करा. २० ग्रॅमच्या खाली पिष्ट आणलं की इन्शुलिनच पडतं, पाळी लगेच येते.

मापटं:
इन्शुलिन पडतं, हे खरं. थोड्या दिवसांत वजन आणि साखर दोन्ही उतरतात, तेही खरं. अडचण पुढच्या महिन्यांची आहे. पीसीओएसवरची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट म्हणतात की कोणताही एक आहारप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो वर्षभर टिकेल तो घ्या. आणि निळीशाई यांचं आत्ताच काय झालंय बघा. पाच पदार्थांवर बंदी आणि रात्री सुटलेला ताबा. त्यांना आणखी कडक बंदी देणं म्हणजे त्याच खड्ड्यात दुसरा पाय. पीसीओएस असणाऱ्यांत अतिखाण्याचे झटके आणि खाण्याचे इतर विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून आहार सांगताना हे आधी विचारायला हवं. आठवड्यात दोन-तीनदा ताबा सुटून पोट दुखेपर्यंत खाल्लं जात असेल तर आहारतक्त्याच्या आधी त्यावर मदत घ्या.

शिवाय गर्भधारणेची शक्यता असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर कीटो स्वतःच्या मनानं सुरू करायचंच नाही.

अर्धविराम:
दूध आणि गव्हाबद्दल थोडक्यात. पीसीओएस आहे म्हणून दूध बंद करावं, याला पुरेसा आधार नाही. मुरुमं खूप असतील तर सहा आठवडे दूध थांबवून बघता येतं. फरक दिसला तर ठीक, नाही तर परत सुरू करा, कारण कॅल्शियम आणि प्रथिनं दुसरीकडून भरणं सोपं नाही. गहू फक्त सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होणारा आजार) किंवा गव्हाची सिद्ध अॅलर्जी असेल तर बंद. सिलिअॅकची टेस्ट करायची असेल तर गहू चालू असतानाच करा, बंद केल्यावर ती निगेटिव्ह येऊ शकते. 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटांत बहुतेक वेळा तांदळाचं किंवा मक्याचं स्टार्च असतं, साखर चढवायला तेही पुरे.

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात या बिया, दुसऱ्यात त्या बिया, हा प्रकार सोडून द्या. बियांत तंतू आणि चांगली चरबी असते, रोज २० ग्रॅम खा, तारीख बघायची गरज नाही.

निळीशाई:
सगळ्यांचे खूप आभार. वाचताना स्वतःचाच दिवस समोर दिसला. अजून काही शंका. मी अंडी खाते, मांस-मासे नाही. सकाळी ताटात नेमकं काय ठेवू? फळं कोणती? आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) की इनॉसिटॉल (पुडीत मिळणारं पूरक), याबद्दल खूप उलटसुलट वाचलंय.

मापटं:
सकाळी ६० ग्रॅम ओट्स २०० मिली दुधात, सोबत दोन उकडलेली अंडी. प्रथिनं २५ च्या पुढे जातात, तंतू ६. ओट्स जाड घ्या. झटपट होणारे, चव लावलेले घेतलेत तर पाकिटावरची साखर वाचा, एका वेळच्या पुडीत १० ग्रॅमसुद्धा सापडते. दुपारी ५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम सोयाबीन वड्या, २०० ग्रॅम भाजी. हे साधारण २५ ग्रॅमवर बसतं. वड्या भिजवल्यावर पिळून पाणी काढा, नाही तर चव उग्र लागते आणि चार दिवसांत कंटाळून सोडून द्याल. चारच्या सुमाराला एक फळ आणि दहा बदाम. रात्री पीठ ५५ ग्रॅम, भाजी, १०० ग्रॅम दही आणि पुन्हा अंडी किंवा सोया. बदामाचा डबा पुढ्यात घेऊन बसू नका. ३० ग्रॅम बदाम म्हणजे १७० कॅलरी, आणि मूठ सहज दोनदा भरते.

फळ अख्खं खा, रस नको. मध्यम सफरचंदात २५ ग्रॅम पिष्टमय आणि ४ ग्रॅम तंतू. रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि एका ग्लासात तीन सफरचंदांची साखर येते. केळं चालतं, एक, मध्यम आकाराचं.

ग्लायसेमिक इंडेक्सच्या तक्त्यांत फार अडकू नका. तो आकडा सांगतो की साखर किती वेगानं चढते. तुम्ही किती खाल्लं ते तो सांगत नाही. इंडेक्सला त्या वाढपातल्या पिष्टमय ग्रॅमनी गुणून १०० नं भागलं की ग्लायसेमिक लोड निघतो. १० पर्यंत कमी, २० च्या पुढे जास्त. कलिंगडाचा इंडेक्स बराच असतो, पण एका फोडीत पिष्टच इतकं थोडं की लोड कमी निघतो.

दोन गोष्टी फुकटात मिळतात. जेवताना भाजी आणि प्रथिनं आधी, भात किंवा पिठाचं शेवटी. साखरेचा उंचवटा कमी होतो. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. आठवड्याला २५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस, सलग नव्हे, वजनं किंवा शरीराच्या भारानं स्नायूंचा व्यायाम. साखर खेचून घेणारी मोठी जागा स्नायू हीच आहे. नुसतं चालणाऱ्यांचं वजन उतरतं, पण त्यात स्नायूही जातात.

रानजाई:
औषधांबद्दल. मेटफॉर्मिन चिठ्ठीवरच. जेवणासोबत, ५०० मिग्रॅपासून सुरू करून एक-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. एकदम मोठा डोस घेतला की जुलाब-मळमळ होते आणि मग 'मला सोसत नाही' म्हणून कायमचं सुटतं. हळू सुटणारी गोळी पोटाला सोपी जाते. दीर्घकाळ चालू असेल तर बी-१२ तपासत राहा, तुम्ही मांसाहार करत नाही म्हणून तर नक्कीच.

इनॉसिटॉल धोकादायक नाही. सहसा मायो-इनॉसिटॉल दिवसाला ४ ग्रॅम, दोन वेळांत विभागून घेतात. पण पुरावा मर्यादित आहे. ताट सुधारायच्या आधी पुडीवर खर्च करू नका. ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल तरच भरून काढा.

एक महत्त्वाचं. बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. म्हणजे पाळी सुरळीत झालेली दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर गर्भनिरोधक चालू ठेवा. हवं असेल तर ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड आधीपासून सुरू करा. तुमच्यासाठी डोस वाढवायचा का, ते डॉक्टरांना विचारा. आणि ९० दिवस पाळी आली नाही तर आहाराचा परिणाम बघत बसू नका, दाखवा. अस्तर गर्भाशयात साचून जाड होत राहणं चांगलं नाही.

कोवळंऊन:
मध्येच विचारते. वजन ४९, उंची १६०. सोनोग्राफीत पीसीओ (पॉलिसिस्टिक ओव्हरी) दिसलं, पाळी चार महिने नाही. मीही पिष्टमय कमी करू का? रोज तासभर पळते.

रानजाई:
नको गं, थांब. तुझं वजन कमी, पळणं रोजचं, त्यात खाणं तोकडं असेल तर हे पीसीओएस नसून मेंदूनं पाळी थांबवण्याचा प्रकार असू शकतो. ऊर्जा अपुरी पडली की मेंदूकडून ओव्हरीला जाणारा इशाराच मंदावतो. सोनोग्राफीत तिथंही बरीच छोटी बीजकोशं दिसतात, म्हणून नुसत्या सोनोग्राफीवरून नाव देता येत नाही. प्रौढांत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतली ओव्हरी किंवा तिच्याऐवजी एएमएच (बीजकोशांतून येणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी). त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन तपासून इतर कारणं बाजूला काढायची. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफी धरतच नाहीत.

अशा वेळी पिष्ट कापलंस तर पाळी आणखी लांबेल आणि हाडंही झिजतील. एलएच, एफएसएच, इस्ट्राडिओल या हार्मोनच्या तपासण्या करून घे. एलएच आणि इस्ट्राडिओल दोन्ही खाली असतील तर उपाय उलटा आहे: खाणं वाढवायचं, पळणं कमी करायचं. चार महिने झालेत, म्हणजे डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. उरलेलं वेगळ्या धाग्यात लिही, तिथं नीट बोलू.

निळीशाई:
शेवटचं विचारते. नोंद काय ठेवू? आणि बीज सुटतंय की नाही हे घरी कसं कळेल?

मापटं:
वजन रोज सकाळी, पण बघायची आठवड्याची सरासरी. पाणी आणि मिठामुळे एक-दीड किलो वरखाली होतंच. कंबर महिन्यातून एकदा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पाळीच्या तारखा. आणि पहिले पंधरा दिवस प्रत्येक जेवणातली प्रथिनं. बाकी काही लिहू नका, वही लांबली की वही बंद पडते.

रानजाई:
बीज सुटण्याआधी वाढणारं एलएच लघवीत दाखवणाऱ्या, घरी वापरायच्या पट्ट्यांवर विसंबू नका. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच वर असतं, पट्टी उगाच पॉझिटिव्ह येत राहते. खात्री हवी असेल तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन), पण '२१व्या दिवशी' हा नियम २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. तुमचं चक्र ४५ दिवसांचं असेल तर बीज सुटलंच तर ३१व्या दिवसाच्या आसपास सुटेल, २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमीच येणार आणि 'बीज सुटत नाही' असा चुकीचा शिक्का बसेल. पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी, म्हणजे ३८व्या दिवशी रक्त द्या. तोवर पाळी आली नाही तर आठवड्यानं पुन्हा.